जुना अ‍ॅम्प की नवा? सांगली-मिरजेतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी आहेत. मांडवातला डीजे आणि गाडीतला बेस यांचं गणित वेगळं, ते इथे शोधू नका. ‘जुना’ म्हणजे ढोबळमानाने १९६५ ते १९९० या काळातला ट्रान्झिस्टरवरचा स्टीरिओ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) किंवा रिसिव्हर, म्हणजे आत रेडिओही असलेला अ‍ॅम्प. ‘नवा’ म्हणजे आज दुकानातून खोक्यासकट घरी येतो तो.

थेट सांगा, जुन्याचा आवाज नव्यापेक्षा चांगला असतो का?

नसतो. वाईटही नसतो. दोन्ही अ‍ॅम्प धडधाकट असतील, आपापल्या ताकदीच्या आत वाजत असतील आणि दोन्हींचा आवाज मीटरने मोजून सारखा केला असेल, तर न बघता फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. अमेरिकेतला अ‍ॅम्प डिझायनर बॉब कार्व्हर याने १९८५ मध्ये स्टीरिओफाइल मासिकाचं आव्हान घेतलं होतं. आपल्या स्वस्तातल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये फेरफार करत करत तो त्याने एका महागड्या अ‍ॅम्पसारखा वाजवून दाखवला. मासिकाच्या परीक्षकांना शेवटी कोणता कुठला ते सांगता आलं नाही.

तरीही ‘फरक ऐकू येतो’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. बहुतेक वेळा एका अ‍ॅम्पचा आवाज अर्धा-एक डेसिबलने जास्त असतो. एवढा फरक कानाला मोठा वाटत नाही, ‘भरीव’ वाटतो. दुसरं कारण म्हणजे जुन्यावर कुणीतरी कधीकाळी दाबून ठेवलेलं लाउडनेसचं (कमी आवाजात बेस वाढवणारं) बटण. तिसरं, टोन कंट्रोलची खूण बरोबर मधोमध असली तरी झिजलेला कंट्रोल आत मधोमध असेलच असं नाही. आणि समोर निळा दिवा, हलणारा काटा आणि चांदीसारखा पत्रा असला की कानही थोडे त्याच्या बाजूने झुकतात. त्यात गैर काही नाही, फक्त त्याचे पैसे किती मोजायचे ते आपलं आपण ठरवावं.

खरा फरक स्पीकर पाडतात आणि त्यानंतर खोली. आपल्याकडे हॉल म्हणजे वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. अशा खोलीत टाळी वाजवली तर ती घुमते, मग सतारीचं काय होत असेल? एक जाड सतरंजी आणि खिडकीला पडदा एवढ्याने जो फरक पडतो, तो अ‍ॅम्प बदलून पडत नाही.

मग जुना घ्यायचाच कशाला?

तीन कारणं मला पटतात. तो दुरुस्त होतो: सुटे पार्ट, मोठा बोर्ड, सोल्डर दिसतो, बऱ्याच मॉडेलचा सर्किट डायग्रामही मिळतो. त्यावर फोनो इनपुट (टर्नटेबलसाठी), टेप मॉनिटर (टेप जोडून ऐकायची सोय), बॅलन्स, दोन जोडी स्पीकर अशा सोयी आधीच असतात. आणि तो दिसतो देखणा.

पण व्यवहार करताना एक लक्षात ठेवा. जुना अ‍ॅम्प घेताना अर्धा सौदा अ‍ॅम्पचा आणि अर्धा दुरुस्ती करणाऱ्याचा असतो. तासाभराच्या अंतरात जुना ऑडिओ बोर्ड समजून घेणारा माणूस माहीत नसेल तर सरळ नवा घ्या. नवा बिघडला तर बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो आणि वॉरंटी संपली असेल तर तो भंगारात जातो, हेही खरं. पण सुरुवातीची काही वर्षं तो तुम्हाला त्रास देत नाही.

घरी दोन अ‍ॅम्पची तुलना कशी करायची?

आधी आवाज सारखा करा. मोबाइलवरून २००-३०० हर्ट्झचा सरळ सूर वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावा. (साधे मीटर वरच्या सुराला चुकीचं रीडिंग देतात, म्हणून सूर खालचा.) दोन्ही अ‍ॅम्पवर एक टक्क्याच्या आत तेच रीडिंग आलं की झालं. स्पीकर तेच, जागा तीच, गाणं तेच.

आणि सुरुवातीला गाणं नकोच, तानपुरा लावा. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आपल्या भागात या वाद्याचं कौतुक वेगळं सांगायला नको. तुलनेसाठी मात्र त्याचा गुण वेगळाच आहे: तो बदलत नाही. गाण्यात दर क्षणाला काहीतरी नवं येतं आणि मागचं कान विसरतो. तानपुरा मिनिटभर तसाच चालू राहतो, मध्येच अ‍ॅम्प बदलला तर जवारीतून निघणारे वरचे सूर कमी झाले की तसेच राहिले ते लगेच कळतं. शिवाय छेडलेल्या दोन तारांच्या मधल्या विरळ जागेत अ‍ॅम्पची स्वतःची खरखर आणि हमिंग उघडं पडतं.

हमिंगचाही सूर ओळखायला शिका. आपल्या लाइनला ५० हर्ट्झ. सप्लायचे, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याचे, कंडेन्सर थकले की बहुधा १०० हर्ट्झचा हम येतो, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळपासचा. त्याहून एक सप्तक खाली ५० हर्ट्झचा घूं येत असेल तर आधी वायर, अर्थिंग आणि टर्नटेबलची ग्राउंड वायर बघा, अ‍ॅम्प उघडायची घाई नको.

माझ्या जुन्या अ‍ॅम्पवर ४० वॅट लिहिलंय, शेजाऱ्याच्या होम थिएटरवर ५,००० वॅट. तरी माझा मोठा कसा वाजतो?

त्याचे ५,००० हे पीएमपीओ आहेत, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा जाहिरातीतला आकडा. त्या आकड्याला धरून ठेवणारा कुठलाही ठाम मापदंड नाही, त्यामुळे खोक्यावर काहीही छापता येतं.

असाच गोंधळ अमेरिकेत १९६० च्या दशकात होता. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम आणला: वॅट सांगायचे तर दोन्ही चॅनल एकदम, सलग वाजवून, किती विकृतीला आणि किती ओमच्या स्पीकरला ते जाहीर करून सांगा. त्याआधी एक तास एक तृतीयांश ताकदीवर तापवा, अशीही अट होती. ही तापवायची अट कंपन्यांना फार जड गेली, हीटसिंक मोठे करावे लागले. त्या दशकातले रिसिव्हर उचलताना कंबर धरते त्यामागे हेही एक कारण आहे. चढाओढीत १९७८ मध्ये पायोनियरने एसएक्स-१९८० काढला, दर चॅनलला २७० वॅट आणि वजन सुमारे ३५ किलो. गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेला एनएडी ३०२० दर चॅनलला फक्त २० वॅटचा होता आणि जगभर घराघरांत तोच जास्त पोचला.

घराला किती वॅट पुरतात?

तुम्हाला वाटतात त्याहून कमी. स्पीकरच्या मागे ८८ डेसिबल लिहिलं असेल तर एका वॅटला, एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो, आणि नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला ‘दुप्पट’ वाटायला अंदाजे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून ४० चा काढून ६० चा आणणं हा पैशाचा धूर आहे. बारा बाय पंधराच्या खोलीत नेहमीच्या स्पीकरला खरे २०-३० वॅट भरपूर होतात.

नवे छोटे क्लास-डी अ‍ॅम्प एवढ्याशा डबीत कसे काय मावतात? ते डिजिटल असतात ना?

‘डी’ म्हणजे डिजिटल नाही. ए, बी, सी नंतरचं अक्षर, बस. जुन्या पद्धतीत आउटपुट ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून काम करतात आणि उरलेली वीज उष्णता म्हणून जाते. क्लास-डीमध्ये ते सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद होतात आणि शेवटी कॉइल-कंडेन्सरचा फिल्टर त्यातून गाणं वेगळं काढतो. त्यामुळे सुमारे ९० टक्क्यांपर्यंत वीज कामी येते, हीटसिंक लहान होतो आणि मे महिन्यात तो तुमच्या खोलीला शेगडी होऊन बसत नाही.

यातले चांगले खरोखरच चांगले आहेत. पण खोक्यावरचे वॅट अडॅप्टरशी ताडून बघा. २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर ८ ओमच्या स्पीकरला दर चॅनल सुमारे ३६ वॅटच्या वर स्वच्छ सूर गणितानेच निघत नाही, मग वर ३०० लिहिलेलं असो की ६००. ३६ पुरतात, ते वर सांगितलंच. राग खोट्या आकड्याचा आहे.

अगदी स्वस्त बोर्डांत आणखी एक उणीव असते: त्या शेवटच्या फिल्टरमुळे ट्रेबल स्पीकरच्या ओमप्रमाणे थोडं वर-खाली होतं. तुमच्या मित्राकडे तोच अ‍ॅम्प तीक्ष्ण वाजतो आणि तुमच्याकडे मऊ, त्याचं कारण हे असू शकतं.

जुना अ‍ॅम्प बघायला गेल्यावर काय काय तपासायचं?

सोबत मल्टिमीटर, एक साधा जुना स्पीकर (मेला तरी चालेल असा) आणि सिरीज बल्ब न्या. सिरीज बल्ब म्हणजे होल्डरमधला ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब, अ‍ॅम्पच्या फेजमध्ये ओळीने जोडलेला. एलईडी चालत नाही.

चालू करायच्या आधी वास घ्या. जळकट किंवा माशासारखा वास येत असेल तर कंडेन्सर गळलाय किंवा काहीतरी भाजलंय. मग स्क्रू बघा. खाचा घासलेल्या असतील तर तो बऱ्याच जणांनी उघडलाय. मागच्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार गुंडाळलेली दिसली तर ‘चहा घेऊन निघतो’ म्हणा.

आता सिरीज बल्बवर चालू करा. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ठीक असेल तर थेट लाइनवर घ्या. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये दोन-चार सेकंदांनी रिले (स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच) ‘टक्’ करतो. त्यानंतर स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर निर्धास्त. शंभरच्या वर असेल तर काम निघणार. व्होल्टात रीडिंग आलं तर स्पीकर जोडूच नका, कॉइल जळेल.

मग प्रत्येक नॉब आणि बटण फिरवा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येणं हा मोठा दोष नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते. अगदी कमी आवाजात एक बाजू गायब होते आणि वाढवला की परत येते, हे बहुधा रिलेचे काळे पडलेले पॉइंट. तेही किरकोळ. अर्धा तास वाजवा आणि दोन्ही बाजूंचे हीटसिंक हाताने बघा. एक कोमट आणि एक चटका देणारा असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडा.

विकणारा ‘काल चालू होता’ म्हणत असेल तर आज चालू करून दाखवायला सांगा. एवढं विचारायला लाजायचं नाही.

महापुरात भिजलेला पण ‘वाळवून चालू केलेला’ अ‍ॅम्प स्वस्तात मिळतोय. घेऊ?

नको. हा प्रश्न आपल्याच गावात विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, घराघरांतल्या शोकेसमधलं सामान भिजलं आणि त्यातलं बरंचसं फिरत फिरत बाजारात आलं. साधं पाणी असतं तर अ‍ॅम्प वाळला असता. पुराच्या पाण्यात गाळ आणि गटारातलं सगळं असतं. तो गाळ ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळ्यांत, रिलेत, स्विचच्या आत आणि आयसीच्या पायांखाली बसतो. पावसाळी हवेत ओल धरतो आणि तांबं खातो. अ‍ॅम्प वर्षभर चालेलही. पण ट्रान्स्फॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि बरेच जुने अ‍ॅम्प टू पिनचे, अर्थिंगविना.

ओळखायचं कसं? झाकण काढून आतल्या पत्र्यावर मातकट आडवी रेघ दिसते का बघा, विकणारे बाहेरून पुसतात, आतून क्वचितच. लाकडी कॅबिनेटची खालची कड फुगलेली असते. सोल्डरवर हिरवट-पांढरी बुरशी दिसते. घरच्याच अ‍ॅम्पबद्दल जीव असेल तर बोर्ड धुऊन, ट्रान्स्फॉर्मर मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासून काम करता येतं, पण ते भावनेपोटी. विकत घेऊ नका.

जपानहून आलेला माल चांगला म्हणतात. काही धोका?

माल चांगला, लाइन वेगळी. जपानच्या घरगुती बाजारातले अ‍ॅम्प १०० व्होल्टवर चालतात, अमेरिकेतले १२० वर, आपल्याकडे २३०. मागच्या पट्टीवर फक्त १०० लिहिलं असेल आणि तुम्ही तो सरळ बोर्डात खुपसलात तर फ्यूज उडाला तर नशीब. स्टेप-डाऊन ट्रान्स्फॉर्मर लागतो, पट्टीवरच्या वॅटपेक्षा चांगला दीडपट क्षमतेचा, आणि तो कायमचा सोबत राहणार हे धरून चाला. निर्यातीच्या मॉडेलना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो २२० किंवा २४० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा.

रिसिव्हर असेल तर रेडिओचंही बघा. जपानचा जुना एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. आपली स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये, म्हणजे जवळजवळ सगळीच बाहेर. मीडियम वेव्हवर आकाशवाणी सांगलीचं १२५१ किलोहर्ट्झ लावायचं तर काट्याच्या डायलवर अडचण नाही. अमेरिकेसाठी बनलेला आकडे दाखवणारा ट्यूनर मात्र दहा-दहाच्या उड्या मारतो आणि १२५० वर थांबतो.

सोनोडाइन, कॉस्मिक हे आपल्याकडचे जुने अ‍ॅम्प कसे?

चांगल्या अवस्थेत असतील तर घ्यावेत. २३० व्होल्टची कटकट नाही आणि आपल्या मेकॅनिकांना ते ठाऊक असतात. जपानी नावापुढे यांना कुणी विचारत नाही, म्हणून सौदा बरा होतो.

मेकॅनिक म्हणतो सगळे कंडेन्सर बदलू. बदलू द्यावेत का?

आधी ‘का’ विचारा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयाने आणि उष्णतेने सुकतात, तापमान १० अंशांनी कमी झालं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून आधी हीटसिंकजवळचे आणि सप्लायचे जातात. चाळीस-पन्नास वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये तेवढे बदलणं शहाणपणाचं. सरसकट सगळे काढून हाताला लागतील ते टाकले तर चांगला बोर्ड खराब होतो, ट्रॅक उचलले जातात. बदलल्यावर बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधला स्थिर करंट) आणि डीसी ऑफसेट (टर्मिनलवरचे ते मिलिव्होल्ट) पुन्हा सेट झाला पाहिजे. तो करणार नसेल तर काम अर्धवट आहे.

एसटीके आयसीवाल्या (आउटपुटचं काम एकाच चिपमध्ये असलेल्या) अ‍ॅम्पबद्दल वेगळी सूचना. सान्योचे हे आयसी १९८० च्या दशकात घरोघरच्या सेटमध्ये होते, त्यातले बरेच आता बनत नाहीत आणि बाजारात नकली भरपूर आहेत. नकली टाकलेला सेट दुकानात वाजतो, घरी आवाज वाढवला की जातो. आयसी गेलेला सेट फार स्वस्त असेल तरच हात घाला.

घरात नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या आहेत. नव्या अ‍ॅम्पवर वाजतील?

टर्नटेबलच्या सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो, त्याला फोनो स्टेज लागते. बहुतेक जुन्या अ‍ॅम्पमध्ये ती असते, बऱ्याच नव्यांत नसते. वेगळा फोनो प्री-अ‍ॅम्प घेतला की काम होतं.

एलपीसाठी हे पुरे. ७८ च्या तबकड्यांना सुई जाड लागते, एलपीची सुई खाचेच्या तळाला घासते. आणि १९५४ मध्ये ठरलेली आरआयएए पद्धत (तबकडी कापताना बेस कमी, ट्रेबल जास्त करायचं आणि फोनो स्टेजने ते उलट करायचं) त्या तबकड्यांना लागू नाही, त्यामुळे बेस-ट्रेबल कानाने जुळवावे लागतात. इथे टोन कंट्रोलवाला जुना अ‍ॅम्प सोयीचा पडतो. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या त्या काळच्या ध्वनिमुद्रणात जे उतरलंय तेवढंच निघणार, लाखाचा अ‍ॅम्प आणलात तरी.

मोबाइल आणि टीव्ही जुन्या अ‍ॅम्पला जोडता येतो का?

येतो. ऑक्स, टेप किंवा ट्यूनर यांपैकी कुठल्याही इनपुटला. फोनोला मात्र नको, आवाज फाटेल. मोबाइलसाठी छोटा ब्लूटूथ रिसिव्हर, टीव्हीला ऑप्टिकल असेल तर छोटा डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅम्पला चालेल असा करणारी डबी). रात्री हळू आवाजात ऐकताना लाउडनेस बटण बिनधास्त दाबा. कमी आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं, बटण त्यासाठीच आहे.

नवे स्पीकर ४ ओमचे आहेत. जुना अ‍ॅम्प झेपेल?

मागे काय छापलंय ते बघा. ‘किमान ८ ओम’ असेल तर नको. ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम लावल्या तर ओम निम्मे होतात, बरेच ट्रान्झिस्टर तिथेच जातात.

आमच्याकडे गावात लाइट कमी-जास्त होतो. कोणता टिकेल?

शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, ते कुठल्याच अ‍ॅम्पला फारसं मारत नाही. जुन्याची ताकद तेवढी कमी होते. मारतं ते अचानक चढलेलं व्होल्टेज. १०० ते २४० व्होल्टचा अडॅप्टर असलेला नवा अ‍ॅम्प कमी व्होल्टेज सहज पचवतो, आणि लाट आलीच तर अडॅप्टर जातो, अ‍ॅम्प बहुधा वाचतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर जुन्या अ‍ॅम्पचा ट्रान्स्फॉर्मर घुमतो आणि तापतो. तेवढा वेळ बंदच ठेवा. साइन वेव्हचा असेल तर प्रश्न नाही. आणि झाकणाच्या फटींतून पाल, मुंग्या आत जातात, त्यांच्यामुळे झालेले शॉर्ट मी व्होल्टेजच्या तक्रारींपेक्षा जास्त पाहिलेत.

ट्यूबचा अ‍ॅम्प घेऊ का?

आवड म्हणून घ्या, पहिला म्हणून नको. त्यात तीन-चारशे व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. घरात लहान मुलं असतील तर जाळीशिवाय ठेवू नका.

चांगला मेकॅनिक ओळखायचा कसा आणि त्याला काय सांगायचं?

जो अ‍ॅम्प हातात घेतल्याबरोबर ‘आयसी गेलाय’ म्हणतो त्याच्याकडे देऊ नका. जो आधी सिरीज बल्बला लावतो, स्पीकर न जोडता मीटर धरतो आणि ‘दोन दिवसांनी सांगतो’ म्हणतो, त्याच्याकडे द्या. नक्की काय होतंय ते लिहून द्या: कुठली बाजू, तापल्यावर की सुरुवातीलाच, कुठल्या इनपुटला. काम झालं की बदललेले जुने पार्ट पिशवीत परत मागा आणि नव्या पार्टचे नंबर बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडे न्यायची वेळ आली तर त्याचे निम्मे कष्ट वाचतात.